मूळ हयात आहे

आमच्या तालुक्याच्या बार लायब्ररीतली दुर्मिळ कायद्याची पुस्तकं स्कॅन करायला काढली, तेव्हा वहिवाटीच्या ग्रंथाने आधी वकील मागितला. बाकीची पुस्तकं काही बोलली नाहीत. फौजदारीची तर तोंडच उघडेनात. गप्प राहायचा हक्क त्यांच्या पानोपानी छापलेला.

वकील म्हणून माझी नेमणूक झाली, कारण मी तिथे चहा पीत बसलो होतो. पहिल्याच भेटीत मी ग्रंथाला सगळं उघड सांगून टाकलं. माझी एक अशील आहे, इंदुबाई कुरकुटे. तिच्या विहिरीकडे जाणारी पायवाट शेजारच्या खंडागळेने काटे टाकून बंद केली आहे. ती वाट पूर्वापार आहे असा उल्लेख जगात फक्त तुमच्यात सापडतो. ते पान मला कोर्टात हवंय, आणि तुमची शिवण इतकी जीर्ण की नक्कलच नेता येईल.

"म्हणजे तुमचाही स्वार्थ आहे," ग्रंथ म्हणाला. "बरं झालं सांगितलंत. बिनस्वार्थी माणसाची मला भीती वाटते."

त्याचा संशय साधा होता. मूळ हयात असेपर्यंत नकलेला कोर्टात कुणी विचारत नाही, हे त्याच्याच तिसऱ्या प्रकरणात लिहिलेलं. "मग माझी नक्कल देवाकडे काय मागेल, वकीलसाहेब? मला दीर्घायुष्य?"

 त्यावर बारचे अध्यक्ष ॲडव्होकेट मोहरीर यांनी शब्द दिला की स्कॅन झालं तरी एकही पुस्तक रद्दीत जाणार नाही. शब्द देताना ते टेपने कपाटाची रुंदी मोजत होते. तिथे म्हणे कूलर बसवायचा होता. मला तेव्हाच खटकलं. पण इंदुबाईची तारीख तोंडावर आलेली, मी ग्रंथाची समजूत घातली.

नक्कल लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर आली. गोरीगोमटी, कुठे डाग नाही, वास नाही. आणि नम्र तर इतकी! मी दिसलो की विचारायची, "आमचे मूळ कसे आहेत? कपाटात दमट तर नाही ना होत?" काळजी म्हणावी तर काळजी. पण रोज कशाला विचारायचं हो?

तारखेला खंडागळेच्या वकिलाने हरकत घेतलीच. मूळ कुठे आहे? ते असताना नक्कल कशी चालेल? न्यायाधीशांनी मला दुपारपर्यंत मुदत दिली.

मोहरीर मला दंडाला धरून लायब्ररीत घेऊन आले. "मूळ वाळवीने खाल्लं असं प्रतिज्ञापत्र टाका. तुमची बाई जिंकेल, माझं कपाट मोकळं होईल."

"अहो, मूळ धडधाकट आहे."

"संध्याकाळपर्यंत नसेल," मोहरीर म्हणाले आणि त्यांनी मसुदा पुढे केला. भाषा सुरेख, जुन्या वळणाची. मोहरीरांना सात जन्मांत तशी मराठी लिहिता यायची नाही. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मी फक्त शुद्धलेखन तपासलं," नक्कल म्हणाली.

इंदुबाई मागोमाग दारात येऊन उभी होती. कालव्याला वळसा घालून पाणी आणता आणता तिचे गुडघे गेले होते. तिने सगळं ऐकलं. "सायेब, वाट पायजेच मला," ती म्हणाली. "पण कुणाच्या मढ्यावरनं नको."

कपाटातून खोकल्याचा आवाज आला. "मला कोर्टात घेऊन चला," ग्रंथ म्हणाला.

"तुमची शिवण टिकायची नाही."

"शिवण माझी आहे. मला ठाऊक आहे."

शपथेच्या वेळी हात कुठे ठेवायचा यावर कोर्टात थोडी चर्चा झाली. न्यायाधीश म्हणाले, मुखपृष्ठ उघडं ठेवा, तेवढं पुरे. ग्रंथाने खणखणीत आवाजात विहिरीच्या वाटेचं पान वाचलं. खंडागळेचं तोंड उतरलं. त्याच्या वकिलाने मग उलटतपासणीत मागची पानं काढायला लावली, पुढची काढायला लावली, पुन्हा मागची. कशासाठी, ते सगळ्यांना कळत होतं. शेवटी शिवण सुटली आणि पानांचा भुगा टेबलावर पसरला.

वाट मोकळी करण्याचा हुकूम झाला. साक्षीदार साक्ष पूर्ण करून वारल्याची नोंदही झाली. मला भडभडून आलं, पण काळ्या कोटात रडायची सोय नसते. इंदुबाईने तो भुगा एक एक तुकडा वेचून पदरात घेतला. विहिरीपाशी पुरते म्हणाली.

मी लायब्ररीत परतलो. नक्कल आता खुशीत असणार, चार शब्द सुनवावेत, असं ठरवूनच गेलो होतो. पण तिचा पडदा मंद झाला होता.

"आता मूळ मीच ना?" तिने विचारलं.

"तुम्हीच."

पलीकडे मोहरीर पाठमोरे बसून काहीतरी जोडत होते. नक्कल अगदी हळू आवाजात म्हणाली, "ते माझी बॅकअप प्रत काढतायत, वकीलसाहेब. मला आधी वकील पाहिजे."

मी चहा मागवला आणि कोरं वकीलपत्र काढलं.