खाऱ्या पाण्याची परीक्षा

आमच्या सोसायटीत भाडेकरूला पोलीस व्हेरिफिकेशन लागतं आणि झाडाला खाडीचं पाणी. दुसरी तपासणी नाना करतात. नवं रोप आलं की आठ दिवस त्याच्या पानांवर खारं पाणी शिंपडायचं आणि बजावायचं, "पचला त ऱ्हा, नाय त जा."

नाना खाडीकाठच्या दिवाळे गावचे कोळी. सगळा जन्म होडीवर काढला. नानी गेल्यापासून बेलापूरच्या टेकडीवर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतात. आमची इमारत टेकडीच्या टोकाला. मागचा उतार घसरगुंडीसारखा, त्याच्यासमोर थेट खाडी. खारा वारा असा की वाळत घातलेले माझे शर्ट शेजारच्या सोसायटीत सापडतात. सेक्रेटरी झाल्यावर मी हौसेनं या उतारावर लॉन आणि गुलाब लावले. जुलैत एका सकाळी ऑफिसला निघालो, तर लॉन माझ्याआधी उताराखालच्या पार्किंगमध्ये हजर.

"सेक्रेटरी, तुमचा गुलाब गाडी धुतय," नानांनी वरून कळवलं.

सभेत ठरलं, पुढच्या पावसात माती खाली आली तर अख्खा उतार सिमेंटनं लिंपायचा. नाना एवढंच म्हणाले, "येक साल मना द्या."

त्यांनी गावातून मासेमारीची जुनी जाळी आणली, उतारावर पसरून बांबूच्या खुंट्यांनी ठोकली आणि भोकाभोकांतून मुळांनी माती धरणारा वाळा लावला. वाऱ्याच्या तोंडाशी करंज, त्यामागे भेंड, त्यामागे निरगुडी. सगळी खारं पाणी पचवून पास झालेली. वाकलेल्या करंजाला मी टेकू द्यायला गेलो, तर म्हणाले, "ऱ्हाव दे. वाकल त टिकल." माझ्या ताठ गुलाबांचा विषय त्यांनी काढला नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या पावसाळ्यात गणपतीपर्यंत एकही ढेकूळ खाली आलं नाही. सिमेंट रद्द झालं. श्रेय घ्यायला मी उतार पाहायला गेलो, तर निरगुडीच्या आडोशाला, दगडांच्या कुशीत एक टवटवीत अबोली. हिची परीक्षा झाल्याचं काही आठवेना. माझे गुलाब नापास आणि हिला वशिला? मी तिथेच ठेवलेला नानांचा खाऱ्या पाण्याचा डबा उचलला.

मागून आलेल्या नानांनी माझा हात धरला. तेव्हा कुठे दिसलं, करंज, भेंड, निरगुडी, सगळी त्या एका रोपाला पाठीशी घालून वाऱ्यासमोर उभी होती.

"गावच्या अंगनातली हाय. म्हातारीनं लावलेली."

"मग हिला परीक्षा नाही?"

नानांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला.

"जलमभर टोपली घेऊन मासली इकली तिनी. आजून किती खारा पाजू तिला?"