विरंगुळा केंद्राची कडी

एका जंगलात, मुलांनो, अजून बरीच झाडं शिल्लक होती तेव्हा, त्र्यंबकशेठ नावाचं एक साळिंदर राहत होतं. अंगभर काटे, पण मन लोण्याचं. धंदा बिळं बांधून विकायचा आणि पिंड समाजसेवेचा. हसू नका रे. दोन्ही एकाच जनावराला जमतं.

शेठनी काय काय केलं नाही! खारींना फुकट वह्या वाटल्या. माकडांचं रक्तदान शिबिर भरवलं. वटवाघळांचे डोळे मोफत तपासले आणि एकेकाला चष्माही दिला. भाषणात 'समाज' हा शब्द आला की शेठचा गळा दाटून यायचा. नाटक नव्हे हं, खरंच दाटून यायचा. सत्कार तर इतके व्हायचे की विचारू नका. फक्त शाल पांघरली की काट्यांनी तिची चाळण व्हायची. त्या फाटक्या शालीसुद्धा शेठ गरिबांना वाटून टाकायचे.

राहता राहिली बिळं. तिकडे बघायला शेठना वेळ कुठला?

त्याच जंगलात करवंदाच्या जाळीखाली इंदूताई नावाची सशीण राहायची. पदरी नवरा, चार पिल्लं आणि सासू भागीरथीबाई. सात पावसाळ्यांपूर्वी ताईनं घरातली होती नव्हती ती सगळी कंदमुळं देऊन शेठच्या 'पाताळ हाइट्स'मध्ये एक बीळ बुक केलं होतं. चित्रात बीळ झकास होतं. दोन दारं, आत अंगण, वर हिरवळ. जागेवर मात्र अजून खड्डाच होता. पावसाळ्यात तिथं बेडूक येऊन राहायचे. ताबा मिळाला तो तेवढा त्यांनाच.

भागीरथीबाईंना दमा. जाळी गळायची आणि म्हातारी रात्रंदिवस खोकायची. घुबडवैद्यांनी गेल्या संक्रांतीलाच हात टेकले होते. पण म्हातारी चिवट.

"सूनबाई, मी डोळे मिटणार ते स्वतःच्या घरात. अगं, गोगलगाय मेली तरी स्वतःच्या घरात मरते. मग मीच काय पाप केलंय?"

हे ऐकलं की इंदूताई हातातलं काम टाकून उठायची. ती तरातरा शेठच्या ऑफिसात जायची. तिथं मॅनेजर म्हणून एक सरडा बसलेला असायचा.

"शेठ आहेत?"

"वृक्षारोपणाला गेलेत."

"कुठं?"

"जिथली झाडं तोडली, तिथंच."

पुढच्या आठवड्यात पुन्हा. "शेठ आहेत?"

"पूरग्रस्तांना ब्लँकेटं वाटायला गेलेत."

"पूर कुठं आलाय?"

"आपल्याच खड्ड्यात, ताई. बेडकांचे फार हाल हो!"

एकदा मात्र शेठ सापडले. ताईनं सासूचं दुखणं सांगितलं, तसे शेठचे डोळे भरून आले.

"ताई, दिवाळी धरून चाला."

"कुठली दिवाळी, शेठ?"

"दिवाळी काय, दर वर्षी येते! तोवर आईसाहेबांना ही छत्री न्या. माझ्याकडून."

छत्रीवर शेठचा हसरा फोटो होता. भागीरथीबाईंनी ती उघडली आणि म्हणाल्या, "मेला आता डोक्यावरच येऊन बसला."

मग आली शेठची एकसष्टी. वनराज सिंह स्वतः येऊन 'वनभूषण' पुरस्कार देणार होते. वनराज येणार म्हणजे काहीतरी उद्घाटन नको का? शेठनी फर्मान सोडलं आणि खड्ड्याच्या शेजारीच 'ज्येष्ठ प्राणी विरंगुळा केंद्र' उभं राहिलं. एकवीस दिवसांत! पक्क्या भिंती, वर कौलं, कोरडी ठणठणीत जमीन आणि दाराला आतून पितळी कडी.

इंदूताईच्या अंगाचा तिळपापड झाला. "सात वर्षांत आमचं एक बीळ होईना, आणि हे एकवीस दिवसांत?"

"ताई, ते विकलेलं आहे," सरडा रंग बदलत म्हणाला. "ही सेवा आहे. सेवेला उशीर करून कसं चालेल?"

फीत कापायला जंगलातलं सगळ्यात म्हातारं कुणीतरी हवं होतं. कासवआजोबांना महिन्याभरापूर्वीच निमंत्रण गेलं होतं, पण ते अजून वाटेतच होते. मग मान आला भागीरथीबाईंकडे.

"मुळीच जायचं नाही!" इंदूताई कडाडली.

"जायचं तर," सासू म्हणाली. "माझं चांगलं लुगडं काढ. आणि अंथरूण, तांब्या, जपाची माळ एका गाठोड्यात बांध."

"फीत कापायला तांब्या कशाला?"

"तू बांध गं."

झालं. मंडप भरला. वनराज कोचावर बसले. शेठ बोलायला उभे राहिले आणि त्यांचा गळा दाटून आला. "आजी, हे केंद्र माझं नाही. हे तुमचंच घर समजा!"

"काय म्हणालास रे?" भागीरथीबाईंनी कान टवकारले. "मला मेलीला कमी ऐकू येतं."

"तुमचंच घर समजा, आजी!"

"सगळ्यांनी ऐकलंत ना?"

"ऐकलं!" सगळं जंगल ओरडलं.

भागीरथीबाईंनी पुढच्या दोन दातांनी फीत कुरतडली आणि आत पाऊल टाकलं. मागून पिल्लं गेली. मग लेक गेला. शेवटी गाठोडं घेऊन इंदूताई गेली. आणि आतून कडी लागली.

सरड्याचे पाच रंग बदलून झाले. शेठनी दारावर हळूच टकटक केली. "आजी, केंद्राची वेळ चार ते सहा आहे हो."

"घराला कसली रे वेळ, बाबा?" आतून आवाज आला.

शेठ काही बोलणार, तोच वनराजांनी पाठीवर थाप मारायला पंजा उचलला, काटे पाहिले आणि तो तसाच हवेत ठेवला. "वाहवा, शेठ! बोललात आणि तिथल्या तिथं ताबाही दिलात! असा बिल्डर आमच्या राज्यात झाला नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. शेठचा गळा पुन्हा दाटला, पण आज समाजासाठी नाही.

पाताळ हाइट्सची बाकीची गिऱ्हाइकं आता रोज ऑफिसात जातात. ताबा कुणी मागत नाही. "शेठ, पुढचं उद्घाटन कधी?" एवढंच विचारतात.

आणि म्हातारी? त्या दिवशी कोरड्या कोपऱ्यात तिला अशी गाढ झोप लागली की रात्रभर खोकल्याची एक उबळसुद्धा ऐकू आली नाही. स्वतःच्या घरात डोळे मिटायचं म्हणाली होती ना! सकाळी ताई भीत भीत जवळ गेली आणि नाकापाशी पंजा धरला.

"काय बघतेस?" भागीरथीबाई खेकसल्या. "चहा टाक. आत्ता कुठं घर मिळालंय, लगेच मरू होय?"

तात्पर्य : घर हवं असेल तर बुकिंग करू नये. उद्घाटनाला जावं, आणि जाताना अंथरूण न्यावं.