अधिकृत संशयित इसम पाहिजे

मानवाला पंख फुटले त्या दिवशीच पृथ्वीवरच्या गुन्हेगारीचा अंत ठरून गेला. आमच्या पेटीबोन गावात मात्र पंख १९१० साली फुटले आणि गुन्हेगार काही केल्या मिळेना.

त्याचं असं झालं. गावच्या वाचनालयाच्या मिस अडीलिया क्रोफुट यांनी मुलांच्या चारित्र्यवर्धनासाठी धाडसी कथांची एक माला मागवली. प्रत्येक पुस्तकात सोळा वर्षांचा एक वैमानिक, त्याचा एक जाडा विनोदी मित्र, एक विमान आणि एक रहस्य. पोरांनी पुस्तकं वाचली आणि घरोघरच्या चादरी नाहीशा होऊ लागल्या. (गावात झालेली चोरी ती एवढीच. तिचा तपास कुणी केला नाही, कारण तपास करणारे त्या चादरींच्याच पंखांवर उडत होते.)

वर्षभरात सात विमानं तयार झाली. त्यांपैकी जमीन सोडणारी दोन, ठरल्या जागी उतरणारं एकही नाही. जाडा मित्र म्हणून ओटिस नावाच्या पोराची नेमणूक झाली. तो काडीसारखा असल्याने त्याची आई त्याला सकाळी अकरा पॅनकेक खाऊ घालते. अद्याप फरक नाही. सगळी सिद्धता झाली, फक्त रहस्य नव्हतं.

रहस्याविना वैमानिक ही फार धोक्याची गोष्ट. आमचा मुख्य वैमानिक क्लिफर्ड व्हिटबेक याने पहिल्या तीन महिन्यांतच पोस्टमास्तरांना 'सीलबंद पाकिटं बाळगतो' म्हणून दोन तास खांबाला बांधलं. पाद्रीबुवांचा 'काळे कपडे घालून घाईने चालतो' म्हणून ओढ्यापर्यंत, आणि थोडा ओढ्यातही, पाठलाग केला. पोरं उर्मट होती असं मुळीच नाही. पुस्तकातले नायक थोरांशी अदबीने वागतात, म्हणून प्रत्येकाला आधी "काका, माफ करा हं, हात वर करता का?" असं विचारलं जाई.

तेव्हा गावसमितीने ठराव क्रमांक सतरा अन्वये 'अधिकृत संशयित इसम' हे पद निर्माण केलं. मी समितीचा चिटणीस, मसुदा माझाच. मिशी तीन इंचांहून कमी नसावी. इसमाने लंगडावं (कोणत्याही पायाने, पण आठवडाभर एकाच). हातात काळी बॅग, उच्चार परका. कामाची जागा जुनी पाणचक्की. वेळ गुरुवारी चार ते पावणेसहा, कारण त्याआधी शाळा असते आणि त्यानंतर जेवण.

नेमणूक झाली घड्याळदुरुस्तीवाले लेमुएल स्नेव्हली यांची. माणूस इतका सज्जन, की लंगडताना खरा लंगडा दिसला तर त्याची माफी मागायचा. उच्चार शेजारच्या व्हर्माँट राज्यातला होता. समितीने तो मोठ्या मनाने परका मानला. दोन वर्षांत ते त्रेचाळीस वेळा पकडले गेले. त्या काळात घडलेले गुन्हे शून्य. एवढं यश मोठमोठ्या शहरांतल्या पोलिसांनाही साधलेलं नाही.

व्यवस्था अशी सुरळीत चालली असताना स्नेव्हली प्रेमात पडले. मिस क्रोफुट यांच्याच.

बाईंनी स्पष्ट सांगितलं, "लेमुएल, माणूस तुम्ही सोन्यासारखे आहात. पण त्या पुस्तकांवर शिक्के मी मारते. शेवटच्या प्रकरणात तुमच्यासारख्यांचं काय होतं, मला ठाऊक आहे."

"अहो, पण मी काहीच केलेलं नाही!"

"असंच म्हणतात ते. प्रकरण एकोणिसावं."

(तरी गुरुवारचं सँडविच त्याच करून द्यायच्या.)

स्नेव्हली राजीनामा घेऊन समितीपुढे आले. अध्यक्ष थॅडियस बॉइस यांनी चष्मा काढला. "तुम्ही गेलात, की पोरं संशय कुणावर घेतील?"

पाचही सदस्यांचे हात आपापल्या मिशीकडे गेले. (सोमवारी तिघे गुळगुळीत होऊन आले. चौथा म्हणाला, आपण पूर्वीपासूनच असे आहोत.)

"मला लग्न करायचंय हो," स्नेव्हली म्हणाले.

"करा की! शुक्रवारी करा. गुरुवार तेवढा मोकळा ठेवा."

शेवटी प्रयोग म्हणून त्यांना एका गुरुवारची रजा मंजूर झाली. मिस क्रोफुट यांना मात्र हे कुणी कळवलं नाही. (पत्र लिहून तयार होतं, सही राहिली होती.) त्या सँडविच बॅगेत घालून चक्कीवर गेल्या. चार वाजून दहा मिनिटांनी एक विमान गवताच्या गंजीत उतरलं, दुसरं तळ्यात, बाईंच्या टोपीवर पाणी उडवत.

"मिस क्रोफुट, माफ करा हं, हात वर करता का?"

"क्लिफर्ड, तुझ्याकडे तीन पुस्तकं मे महिन्यापासून पडून आहेत."

"होय बाई. आज देतो. पण हात वर."

चव्वेचाळिसावं रहस्य उकललं. सँडविच पुरावा म्हणून जप्त झालं. ते ओटिसने तपासलं.

जेवणाच्या वेळी सुटका होताच बाई ओल्या टोपीनिशी थेट घड्याळाच्या दुकानात शिरल्या. "दर गुरुवारी सोसता तुम्ही हे?"

"सवय होते हो. बॅग तेवढी कोरडी ठेवायची."

बाईंनी टोपीतलं पाणी पिळून काढलं. मग म्हणाल्या, "तुमच्या जागी दुसरा कुणी पकडला जाईल, त्या दिवशी मी तुमच्याशी लग्न करीन. दुसरा म्हणजे मी सोडून."

या गोष्टीला आठ महिने झाले. जाहिरात पोस्टाच्या दारावर लटकते आहे. अर्ज एकही नाही. बाईंनी लग्नाचा झगा शिवून ठेवला आहे आणि स्नेव्हलींची मिशी पांढरी होत चालली आहे. ही बाब गंभीर आहे, कारण पांढऱ्या मिशीचा माणूस पुस्तकात शेवटी नायकाचा हरवलेला आजोबा निघतो. तसं झालं, तर त्यांना उरलेलं आयुष्य व्हिटबेकांच्या माडीवर काढावं लागेल.

म्हणून हे सगळं तुम्हाला सांगतो आहे. मघापासून तुम्ही एका जागी, खाली मान घालून, कुणाशी अवाक्षर न बोलता बसला आहात. वरून पाहणाऱ्याला हे कसं दिसत असेल, याचा कधी विचार केलात? मिशीची अट शिथिल करता येईल. उच्चाराच्या बाबतीत तर तुम्ही स्नेव्हलींपेक्षा कितीतरी सरस ठराल. बॅग समिती देईल.

येत्या गुरुवारी पावणेचारला या. लंगडायचं ते उजव्या पायाने. डाव्याला पोरं कंटाळली आहेत. आणि येताना सँडविच दोन आणा. एक ओटिस तपासेल.