सासऱ्यांच्या स्वागतार्थ तुटलेला बोल्ट

चालू यंत्रास हात लावू नये, हे तत्त्व माणसाला यंत्र बंद पडल्यावरच पटते. त्याआधी पटावे म्हणून शासनाने अद्याप कोणतीही योजना आखलेली नाही. त्यामुळे सांगलीच्या विश्रामबागेत राहणाऱ्या सुमंतने रविवारी सकाळी स्कूटरखाली गोणपाट अंथरले, यात त्याचा वैयक्तिक दोष फारसा नव्हता.

शिवाय कारण गंभीर होते. त्याचे सासरे आकाराम वडूजहून दुपारच्या एसटीने येणार होते. राणीने घरी न विचारता सुमंतशी लग्न केले, तेव्हापासून ते जावयाशी चकार शब्द बोलले नव्हते. (संबंध बिघडले होते असे नाही, ते सुरूच झाले नव्हते.) आता नात झाली होती, सई. तेव्हा म्हाताऱ्याने चौकातल्या एसटीडी बूथवर फोनने निरोप धाडला, "पोरीचं त्वांड बघून संध्याकाळच्या गाडीनं माघारी फिरणार. जेवायचं न्हाई." राणीने त्यातले 'येणार' एवढेच ऐकले आणि पुरण शिजत घातले.

त्यांना स्टँडवरून आणायचे सुमंतने, आणि स्कूटरचा सायलेन्सर खडखडत होता. असल्या गाडीवर आपली लेक फिरते, हे पाहून सासरे काही बोलणार नाहीत, याची सुमंतला खात्री होती. त्यांच्या न बोलण्याचीच त्याला धास्ती होती. सायलेन्सरचा बोल्ट जरा ढिला होता. त्याने आवळला. आवाज थांबला. इथे शहाणा माणूस उठतो आणि हात धुतो. सुशिक्षित माणूस आणखी अर्धा आटा देतो.

बोल्ट लोण्यासारखा फिरला. डोके पान्यात आले, धड इंजिनात राहिले.

"झालं का हो?" राणीने आतून विचारले.

"झालं," सुमंत म्हणाला. (हे निवेदन वस्तुस्थितीला धरून होते.)

बारशाला जे शेजारी आले नव्हते, ते बोल्टला आले. एका पक्षाचे म्हणणे रॉकेल ओतावे, दुसऱ्याचे म्हणणे तापवावे. दोन्ही एकदम करू नये, एवढ्यावर मात्र सभेचे एकमत झाले. मग पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले शेजारचे लालासाहेब ड्रिल मशीन घेऊन आले. बोल्टच्या बरोबर मध्यावर भोक पाडायचे, असे त्यांनी समजावून सांगितले आणि मध्याच्या जवळपास कुठेतरी पाडायला घेतले. ड्रिलचे टोक आत मोडले. आता बोल्टच्या पोटात बोल्टहून कठीण पोलाद होते. कामाला गती आली, असे लालासाहेबांनी जाहीर केले.

"अहो, आबांना आणायला गेला नाहीत?" राणी दारात आली आणि तिथेच थबकली.

फाटकात आकाराम उभे होते. डोक्याला फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. स्टँडपासून विचारत विचारत चालत आले होते.

सुमंत धडपडून उठला. हात कोपरापर्यंत काळे, त्यामुळे पायाही पडता येईना. म्हाताऱ्याने त्याच्याकडे पाहिले, मग स्कूटरकडे, मग वाकून त्या भोकाकडे बराच वेळ पाहिले. आणि लग्नानंतर जावयाशी पहिले वाक्य बोलले,

"कितीचा पाना लावलावता?"

"तेराचा."

"मंग बराबर हाय की. बोल्टच कच्चा आसंल."

सुमंतने गोणपाटावर सासऱ्यांसाठी जागा केली. सकाळपासून कोणीच त्याची बाजू घेतली नव्हती.

आकारामांनी फेटा काढून हँडलला अडकवला, धोतर खोचले आणि बसकण मारली. विहिरीवरचे डिझेल इंजिन ते स्वतः खोलत. (त्यापायी पाण्यावाचून गेलेल्या उन्हाळ्यांची आठवण शेजारच्या शिवारातले लोक अजून काढतात.) त्यांनी छिन्नी मागितली, डाव्या अंगाने ठोकत बोल्ट फिरवू पाहिला. बोल्ट हलला नाही. शेजारी इंजिनाचाच टवका उडाला.

"जरा टवका उडाला," आकाराम म्हणाले.

"जराच," सुमंत म्हणाला.

"लय आडमुठं हाय."

"हो, फारच," सुमंत बोल्टकडे बघत म्हणाला. राणीने दारातून दोघांकडे पाहिले.

"आबा, आत या की. पोरगी जागी हाय."

"आलो गं. येवढं निघू दे."

पोळ्या निवल्या, तापवल्या, पुन्हा निवल्या. वडूजची गाडी ठरल्या वेळी सुटली. ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. शेवटी राणी बाहेर आली आणि पाने-पक्कडींच्या पसाऱ्यातच तिने सईला आजोबांच्या मांडीवर ठेवले.

"आगं, हात काळं हायती!"

"असू देत. चार वर्सं धुऊनच ठेवलंवतं न्हवं?"

सईने आजोबांचे बोट मुठीत धरले. झबल्यावर बोटांचे ठसे उमटले. त्यांनी मनगटाने डोळे पुसले आणि तोंडभर ग्रीस करून घेतले. (डोळ्यांत रॉकेल गेले असावे, असे लालासाहेबांचे तांत्रिक मत पडले.) मग सगळे आत गेले आणि 'जेवायचं न्हाई' म्हणालेल्या माणसाने पुरणपोळीवर तूप मागून घेतले.

बोल्ट निघाला नाही. सायलेन्सर तारेने बांधला. दुसऱ्या दिवशी सुमंत सासऱ्यांना मागे बसवून स्टँडकडे निघाला, तेव्हा खडखडाट असा होता की रस्त्यावरची गुरे आपण होऊन बाजूला झाली. त्या गोंगाटात आकाराम त्याच्या कानात ओरडले, "जावईबापू, म्होरल्या सुट्टीला वडूजला या! हिरीवरचं इंजान खोलूया!"

"बिघडलंय का?"

"न्हाई, न्हाई. झ्याक चाललंय!"

वाचकहो, आपलेही कुणाशी तरी वर्षानुवर्षे बोलणे नाही, असे आमच्या कानावर आहे. आपली गाडी मात्र जराही आवाज न करता चालते म्हणे. अभिनंदन.