सोफ्यात अडकलेली वावटळ

"चालणं! झपाझप चालणं! बाकी सगळं थोतांड!"

वावटळकाकांनी एकदा हे वाक्य उच्चारलं की त्यावर अपील नसे. ते एका फर्निचरच्या दुकानात मुख्य विक्रेते. मधुमेह निघाला त्याच संध्याकाळी त्यांनी बूट घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून बागेत असे सुटले, की वाटेतल्या कुत्र्यांनी भुंकायचं सोडून बाजूला व्हायला सुरुवात केली. "वावटळ" हे नाव तिथलंच. हळूहळू मागे चालणाऱ्यांची टोळी जमली आणि काका तिचे गुरू झाले.

गुरू मानत नव्हती ती एकटी मेहुणी. ती फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या गुडघ्यांवर तिचं पोट!

"भाऊजी, चालणं उत्तमच. ते सोडू नका," ती म्हणाली. "पण नुसतं तेवढंच नको. स्नायूंना जोर लागेल असंही काहीतरी हवं. आठवड्यातून दोन-तीनदा तरी."

"माझी साखर उतरलीय!"

"उतरली आणि मधल्या पायरीवर बसली! डॉक्टर काय म्हणाले? पुढच्या तपासणीला हलली नाही तर गोळी वाढणार. बरोबर ना, ताई?"

ताईने, म्हणजे काकूंनी, भाजी चिरता चिरता मान डोलावली. काकांना ती मान अजिबात आवडली नाही. वाढलेली गोळी म्हणजे वावटळीचा जाहीर पराभव!

"तुमच्या भाषेत सांगते," मेहुणी म्हणाली. "अन्नातली साखर ठेवायला शरीरात कपाटं असतात. त्यातली मोठी मोठी मांड्यांत. चालल्याने ती रिकामी होतात, हे खरं. पण कपाटंच आक्रसत गेली तर साखर ठेवाल कुठे?"

"कपाटं मी विकतो! मला नको शिकवू!"

"मग लावा पैज! बसल्या जागेवरून हाताची घडी घालून उठून दाखवा. जमलं, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही जमलं, तर उद्यापासून हा पट्टा. बागेत, तुमच्या टोळीच्या डोळ्यांदेखत!"

तिने पर्समधून व्यायामाचा रबरी पट्टा काढला. गडद गुलाबी! काकांच्या अंगावर काटा आला.

"मान्य! झोपेतसुद्धा उठून दाखवेन!"

"झोपेत नको. उद्या चारला तुमच्या दुकानात येतेच आहे, दवाखान्यासाठी खुर्ची घ्यायला. तेव्हाच बघू."

दुसऱ्या दिवशी काका दुकानात शीळ घालत फिरत होते. तेवढ्यात एक निवृत्त हेडमास्तर पत्नीसह आले आणि थेट नव्या सोफ्यापुढे उभे राहिले. सोफा कसला, लोण्याचा डोंगर! बुटका, खोल, ढगासारखा मऊ. मालकांनी तो मोठ्या हौसेने आणवला होता, पण अजून तो खपला नव्हता.

"आधी तुम्ही बसून दाखवा," हेडमास्तर म्हणाले. आयुष्यभर मुलांना फळ्यापुढे बोलावण्याची सवय!

काका ऐटीत बसले. म्हणजे बसायला सुरुवात केली. बूड खाली जात राहिलं, जात राहिलं, आणि अखेर टेकलं तेव्हा गुडघे हनुवटीशी गप्पा मारत होते.

"कसं वाटतंय?"

"स्वर्ग!" म्हणून काकांनी उठण्यासाठी जोर लावला. काही घडलं नाही. पुन्हा लावला. सोफ्याने एक उसासा टाकून त्यांना आणखी आत घेतलं. हाताने रेटावं, तर हात कोपरापर्यंत गादीत! भिंतीवरचं घड्याळ साडेतीन दाखवत होतं.

"बघा, उठवतसुद्धा नाहीये यांना!" हेडमास्तरीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

"बाई, लाख बोललात!" घाम पुसत काका म्हणाले.

ते ऐकून हेडमास्तरही शेजारी बसले. तेही गेले खोल. त्यांनीही एकदा उठण्यासाठी जोर लावून पाहिला.

"अहो," हेडमास्तर ओठ न हलवता कुजबुजले, "यातून उठायचं कसं?"

"तेच शोधतोय!"

तेवढ्यात मालक आले. भर दुपारी आपला मुख्य विक्रेता गिऱ्हाइकाच्या मांडीला मांडी लावून पसरलेला!

"काय चाललंय हे?"

"मालक, उठता येत नाहीये," काका हळूच म्हणाले.

मालकांनी त्यांच्या कपाळावरचा घाम पाहिला आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "शुगर डाउन! अरे, शुगर डाउन झाली यांची! साखर आणा!"

"मालक, साखर ठणठणीत आहे! पाय उठत नाहीयेत!"

"असंच बरळतात म्हणे!" आणि काका पुढचं बोलायच्या आत गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी ठेवलेलं चॉकलेट त्यांच्या तोंडात कोंबलं गेलं. मग मालकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "घाबरू नका. मी ओढतो. एक, दोन..."

तीन म्हणायला मालक उभे नव्हते! त्यांचा पाय गालिच्यावरून सटकला, ते गर्रकन फिरले आणि दोघांच्या मधोमध येऊन आदळले. मालकांचं वजन म्हणजे तीन दारी कपाट. सोफा मधून खचला आणि काका आणि हेडमास्तर दोन्हीकडून घरंगळत त्यांना येऊन चिकटले.

घड्याळात चार वाजले. दार उघडलं. मेहुणी वक्तशीर होती, हा तिच्यातला सगळ्यात वाईट गुण!

"अय्या," ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही तर सराव सुरू केलात! तोंडाला चॉकलेट कसलं?"

"हा सोफ्याचा दोष आहे!" काका ओरडले.

"असेल की. पण घाबरू नका, तुम्ही झोपेतसुद्धा उठता ना?"

मालकांनी केविलवाण्या स्वरात विचारलं, "ताई, आम्हाला काढता का?"

तिने तिघांची सूत्रं हातात घेतली. "आधी सरकत सरकत कडेला या. पाय मागे घ्या. आता पुढे वाका. नाक पायांच्या बोटांवर! हात रेटले तरी चालतील, पैज संपली आहे. उठा!" कण्हत, कुथत, एकमेकांना धरत ते तिघं एकदाचे उभे राहिले. हेडमास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

"हा सोफा आम्हाला द्या," त्या मालकांना म्हणाल्या.

"अगं, पण यातून उठता येत नाही!" हेडमास्तर किंचाळले.

"म्हणूनच! रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्यामागे स्वयंपाकघरात फिरून 'मीठ जास्त झालं का' विचारत असता. निदान दुपारी तरी एका जागी राहाल!"

सोफा खपला. पैज मात्र काका हरले. बागेत गुलाबी पट्टा ताणताना काकांनी मान खाली घातली, पण आठवड्याभरात टोळीतले चौघं "आम्हालाही एक मिळेल का?" विचारायला लागले. काकांनी चालणं सोडलं नाही. फक्त आल्यावर ते घरच्या खुर्चीतून हाताची घडी घालून उठत आणि बसत. काकू समोर बसून मोजायच्या आणि मुद्दाम चुकायच्या. तेव्हा पुन्हा पहिल्यापासून!

पुढच्या तपासणीला मेहुणी सोबत होती. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, चष्मा वर केला, पुन्हा पाहिला.

"वा! उतरली की! गोळी वाढवायला नको. काय केलंत?"

काकांनी छाती फुगवली. "झपाझप चालणं! दुसरं काय?"

मागून मेहुणी खाकरली.

"...आणि उठणं," काका पुटपुटले.