पुढे निघून गेलेलं प्रस्थान

ही गोष्ट २०२३ सालच्या जानेवारीतली. बेंगळुरातल्या के. आर. पुरमच्या घरातून कौशल्याबाईंचा एकुलता एक नातू यशोवर्धन नोकरीसाठी जर्मनीला निघाला होता, आणि निघाला होता तो नेमका अमावास्येला. त्यातून शनिवार. तिकीट काढताना त्याच्या बापानं, म्हणजे गिरीराजनं, भाडं बघितलं. आईनं, म्हणजे रम्यानं, सामान किती नेता येईल ते बघितलं. पंचांग कुणीच बघितलं नाही.

“अज्जी, त्या दिवशी तिकीट स्वस्त मिळालं,” यशू म्हणाला.

“मिळणारच. शहाणी माणसं त्या दिवशी घरी बसतात.”

पण कौशल्याबाईंनी आणखी वाद घातला नाही, कारण उपाय त्यांच्याजवळ होता. त्यांच्या घराण्याला बेंगळुरात राहून शेकडो वर्षं झाली होती. बोलण्यात कानडी शिरलं, जेवणात आमटीऐवजी सारू शिरलं, पण काही रीती मात्र कुणी हलवू शकलं नव्हतं. त्यातली एक म्हणजे प्रस्थान ठेवणं. निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या मुहूर्तावर प्रवाशाची एखादी वस्तू शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं. मग खरोखर निघताना ती वस्तू वाटेत उचलायची. नियम एकच, एकदा ठेवलेलं प्रस्थान मागं घरात आणायचं नाही.

कौशल्याबाईंचे यजमान ऐन तारुण्यात बदली होऊन जबलपूरला निघाले, तेव्हा प्रस्थान ठेवायचं राहून गेलं होतं. माणसं जबलपूरला पोचली आणि ट्रंक कुठं गेली ते आजतागायत कळलेलं नाही. त्या ट्रंकेत लग्नातला मोरपंखी शालू होता. त्याची आठवण निघाली की कौशल्याबाई अजून चहा अर्धा टाकून उठत.

म्हणून गुरुवारी सकाळी एका पिवळ्या पिशवीत तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि यशूची एक वस्तू घालून त्या पलीकडच्या हणमंतरावांकडे गेल्या. हणमंतराव सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले, एकटे राहणारे आणि नियमाला फार पक्के. त्यांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली आणि देवापुढच्या चौरंगावर ठेवली.

“अक्का, आता हे प्रस्थान माझ्या जबाबदारीवर. तुम्ही निर्धास्त राहा.”

शनिवारी दुपारी गाडी दारात लागली. बॅगा इतक्या झाल्या होत्या की कौशल्याबाईंना गाडीत जागा उरली नव्हती. “अत्ते, तुम्हाला एवढ्या लांब त्रास कशाला? इथूनच निरोप द्या,” असं रम्यानं सासूबाईंना आदल्या दिवशी म्हटलं होतं, आणि “सरी, बरं,” म्हणून कौशल्याबाईंनी मान हलवली होती. आत मात्र काहीतरी खुपलं होतं. आता त्या घरातल्याच साडीत, दह्याची वाटी घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

“पासपोर्ट घेतलास ना?” गिरीराजनं विचारलं.

“मम्मीकडं आहे,” यशू म्हणाला.

“माझ्याकडं? मी तुझ्या पप्पांच्या फाइलमध्ये बघितला होता.”

“माझ्या फाइलमध्ये तिकीट आहे!”

मग बांधलेल्या बॅगा सुटल्या. स्वेटर अंगणात आले, चटणीपूड तुळशीपाशी आली. रम्या तर फ्रिज उघडून बघायला लागली. कौशल्याबाई शांतपणे उभ्या होत्या.

“उगीच कशाला पसरताय? पासपोर्ट प्रस्थानात आहे.”

सगळे थबकले.

“कशात?” रम्यानं विचारलं.

“प्रस्थानात. ज्याच्यावाचून प्रवास अडेल अशी वस्तू ठेवायची असते. माझ्या सासऱ्यांच्या वेळेला धोतर होतं. आता धोतरावाचून कुणाचं अडतं? जाताना हणमंतरावांच्या दारात गाडी थांबवा, पिशवी उचला, की झालं.”

ते ऐकून यशू हसला, गिरीराजनं कपाळाला हात लावला, आणि सगळे पायीच हणमंतरावांकडे गेले. दाराला कुलूप होतं. आत फोन वाजत होता.

“मी अजून लावलाच नाही,” गिरीराज हातातल्या फोनकडे बघत म्हणाला. “ह्यांना दुसरं कोण करतंय?”

समोर फुलं विकणाऱ्या यल्लव्वेनं मान वर केली. “ते होसकोट्याला गेले की, बहिणीकडं. अमावास्येला जातातच. फोन घरातच विसरले वाटतं.”

“आणि पिशवी? पिवळी पिशवी?”

“ती घेऊन गेले. देवाचं प्रस्थान हाय, कुलपात कोंडायचं नाही म्हणाले. मी म्हटलं, अक्कांना परत द्या. तर मलाच ओरडले! मागं न्यायचं नसतं म्हणे.”

हणमंतरावांचं चुकलं असं कौशल्याबाईंनाही म्हणता येईना. नियम तोच होता.

होसकोट्याचा पत्ता फक्त कौशल्याबाईंना माहीत होता. त्यामुळे आता त्यांना गाडीत घेण्यावाचून इलाज नव्हता. एक बॅग त्यांच्या मांडीवर, एक यशूच्या डोक्याला टेकलेली, आणि कौशल्याबाईंच्या हातात दह्याची वाटी. ती ठेवायला जागाच नव्हती.

गाडी गल्लीबाहेर पडली. मग पुढच्या सीटवरून रम्या मागं न बघता म्हणाली, “अत्ते, एक विचारू? त्यानं जाऊ नये म्हणून तर नाही ना तुम्ही…”

“मम्मी!” यशू म्हणाला.

कौशल्याबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. यशू जाऊ नये असं त्यांना वाटलंच नव्हतं, असं नाही. पहाटे त्याच्या रिकाम्या होत चाललेल्या कपाटाकडे बघताना तर फार वाटलं होतं. पण वाटणं वेगळं आणि पोराची वाट अडवणं वेगळं. आज विमान चुकलं, तर जन्मभर ह्या घरात हेच बोललं जाणार, की म्हातारीनं पासपोर्ट लपवला.

“रम्या,” त्या अखेर म्हणाल्या, “लपवायचाच असता तर देवघरात लपवला असता. तिथं तुम्ही कोण बघता?”

यशूला हसू आवरेना. गिरीराजनं हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं तरी वाजवला.

होसकोट्याला हणमंतराव बहिणीच्या पडवीत पानावर बसले होते. ह्यांना बघताच ते उठले, हातातली आंबट भाजी तशीच.

“अक्का! मी केव्हाचा फोन करतोय! माझा फोन घरी राहिला म्हणून बहिणीच्या फोनवरून केला. कुणी उचलतच नाही!”

“कुठल्या नंबरला केलात?”

“मला एकच नंबर पाठ आहे. माझा.”

घरात वाजणाऱ्या फोनचा उलगडा झाला. पिशवीचा व्हायचा होता.

“पिशवी गेली,” हणमंतराव अभिमानानं म्हणाले. “बहीण जेवल्याशिवाय सोडेना, इकडं तुमची निघायची वेळ होत आली. प्रस्थान मागं तर आणता येत नाही. हिच्या शेजारचा मल्लाप्पा मालवाहू रिक्षातून फुलं घेऊन देवनहळ्ळीला निघाला होता. विमानतळ त्याच बाजूला. त्याला म्हटलं, ही पुढं ने, विमानतळाच्या रस्त्यावर थांब, यशू येऊन घेईल.”

“आणि आम्हाला हे कळणार कसं होतं?” गिरीराज ओरडला.

“म्हणून तर फोन करत होतो!”

हणमंतरावांनी हात धुतले आणि मल्लाप्पाला ओळखणारा दुसरा कुणी नाही म्हणून तेही गाडीत बसले. म्हणजे बसले नाहीत, दोन बॅगांच्या मधे खोचले गेले. गाडी देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना द्राक्षाचे मळे, मधे मोकळा रस्ता. मालवाहू रिक्षा दिसली की सगळे एकदम ओरडत आणि ती कोबीची निघे.

अखेर एका चहाच्या टपरीपाशी शेवंतीनं भरलेली रिक्षा दिसली. तिच्या पुढच्या काचेत पिवळी पिशवी टांगलेली होती. तिला शेवंतीचा हार घातला होता आणि खाली उदबत्ती लावली होती. मल्लाप्पा नमस्कार करून पुढं आला.

“देवाचं आहे म्हणाले अण्णा, म्हणून जमिनीला लावलं नाही, अज्जी,” तो कानडीत म्हणाला. “फक्त वरची सुपारी तेवढी खाल्ली. प्रसाद म्हणून.”

“प्रस्थान खाल्लंस?” हणमंतराव किंचाळले.

“असू दे हो,” कौशल्याबाई म्हणाल्या. “सुपारी पोटात घेऊन तो पुढंच आलाय. मागं कुठं नेली?”

यशूनं पिशवीत हात घातला. पासपोर्ट होता. कडेला हळद लागली होती, एवढंच. रम्यानं तो घेतला, पदरानं पुसला आणि परत पुसला. मग ती मागच्या दारापाशी आली, कौशल्याबाईंच्या मांडीवरची बॅग उचलून स्वतःकडे घेतली आणि म्हणाली, “अत्ते, पुढं बसा.”

ते विमानतळावर पोचले तेव्हा हाताशी वेळ उरला होता. यशूचा मित्र अमित त्याला निरोप द्यायला शहरातून वेळेवर निघाला होता. पण उड्डाणपुलावर पाण्याचा टँकर आडवा झालेला, आणि तो तिथंच अडकून फोनवर रडकुंडीला आला होता. घरून ठरल्याप्रमाणे निघाले असते, तर हेही त्याच्याच मागे उभे असते. कौशल्याबाईंनी ते ऐकलं आणि कुणाकडेच बघितलं नाही. त्यांनी फक्त पदर सारखा केला.

दारापाशी त्यांनी वाटी पुढं केली. दही उन्हानं आंबट झालं होतं आणि निम्मं हणमंतरावांच्या बाहीवर सांडलं होतं. उरलेलं यशूच्या तळव्यावर पडलं. त्यानं ते चाटलं, तोंड वाकडं केलं आणि वाकून नमस्कार केला.

“जातो अज्जी.”

“काय म्हणालास?”

“येतो.”

“हां. आता जा.”

पुढं सगळ्यांचं चांगलं झालं. मल्लाप्पाकडं आता दोन मोठी वाहनं आहेत आणि त्याचं सगळं श्रेय तो त्या सुपारीला देतो. हणमंतरावांनी गिरीराजचा नंबर पाठ केला; आता ते काही काम नसतानाही फोन करतात. गल्लीत कुणी परगावी निघालं, की यल्लव्वा आधी विचारते, “पिशवी कुठं ठेवलीत?” यशू दोन वर्षांनी सुट्टीला आला तेव्हा त्यानं तिकडच्या घरमालकीणबाईंकडं प्रस्थान ठेवलं होतं. त्या बाई ती पिशवी रोज खिडकीत उन्हाला ठेवत असत.

आणि गेल्या उन्हाळ्यात कौशल्याबाई स्वतः नातवाकडं निघाल्या, रम्या सोबत होती. निघायच्या दिवशी रम्यानं दोघींचे पासपोर्ट गळ्यातल्या पिशवीत घातले आणि तीन वेळा चाचपून बघितले. ती निश्चिंत होती. फक्त तिचा फोन आदल्या संध्याकाळपासून सापडत नव्हता.

हणमंतरावांच्या दारात गाडी थांबली. त्यांनी दोन्ही हातांनी पिवळी पिशवी आणून दिली. आत काहीतरी थरथरत होतं.

रम्यानं उघडून बघितलं. हळकुंडाशेजारी तिचा फोन होता.

“अत्ते! माझा फोन कशाला?”

“ज्याच्यावाचून प्रवास अडेल ते ठेवायचं असतं,” कौशल्याबाई पुढच्या सीटवर नीट बसत म्हणाल्या. “तुला काही पिशवीत घालता येईना.”