वीस फुटांवरचे ठोके

सकाळी नऊ वाजता ऑर्लिन स्कारने चर्चमागच्या गवतात पहिलं भोक पाडायला घेतलं आणि साडेनऊलाच त्याला कळून चुकलं, की आजचा दिवस काही आपला नाही.

काम म्हटलं तर पोरखेळ. एकशेचाळीस पौंडांचा हातोडा अडीच फुटांवरून नळीच्या डोक्यावर सोडायचा, आणि नळी एक फूट खाली जायला किती ठोके लागले ते मोजायचे. ठोके जास्त तर जमीन घट्ट, कमी तर पोचट. पाच-पाच फुटांवर थांबून हेच पुन्हा करायचं. हातोड्याचा दोर डेल्मर व्हेच ओढायचा, ठोके ऑर्लिन मोजायचा. सव्वीस वर्षं दोघं हेच करत आले होते आणि एकमेकांना पुरते कंटाळले होते.

या वेळी मात्र प्रश्न घरचा होता. वीस फुटांवर निदान चार ठोके आले, तर चर्चचं नवं सभागृह साध्या पायावर उभं राहणार. न आले तर शंभर फूट खोल खांब ठोकायला हवेत, आणि ती ऐपत आमच्या त्रेसष्ट डोक्यांच्या मंडळीत नाही. म्हणजे सभागृहाच्या नावाने शिमगाच. आर्डिस नायगार्ड एक्याऐंशी वर्षांच्या. फार्गो शहराच्या उत्तरेला आमच्याकडे दर एप्रिलला नदी चर्चच्या तळघरात येते, आणि स्वयंपाकघर नेमकं तिथेच. घोटाभर पाण्यात रबरी बूट घालून बाईंनी चाळीस वर्षं अख्ख्या गावाच्या अंत्यविधींची जेवणं रांधली. निदान आपण गेल्यावरचं जेवण तरी कोरड्या जमिनीवर व्हावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या भोकात पाच फुटांवर सातवा ठोका पडला, आणि आर्डिसबाई थर्मास घेऊन आल्या.

"ऑर्लिन, कॉफी घेशील?"

"नको नको, नायगार्डबाई. कशाला उगीच त्रास?"

आमच्याकडे कॉफीला पहिल्यांदा नको म्हणायचं असतं, दुसऱ्यांदाही नकोच, आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप' म्हणायचं असतं. पहिल्या विचारण्यालाच हो म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर त्याच्या घरात कोणीतरी गेलेलं असतं.

"तयारच आहे रे. ओतायचीच खोटी."

"खरंच नको."

"अर्धा कप?"

"बरं, अर्धा कप."

तोवर डेल्मरने नळी फूटभर खाली घातली होती. "किती झाले?" त्याने विचारलं.

ऑर्लिनने कपाकडे पाहिलं, मग हातोड्याकडे पाहिलं. दोघांनीही काही सांगितलं नाही.

"पहिल्यांदाच हो म्हणायला तुझ्या जिभेला काय झालं होतं?" डेल्मर म्हणाला. तो नदीपलीकडचा, त्याला काय कळणार?

"पहिल्यांदाच? लोक काय म्हणतील?"

अंदाजपंचे आकडा लिहायची सोय नव्हती, ती चोरी कंपनीच्या साहेबांनी मागच्याच वर्षी पकडली होती. आणि एकदा ठोकलेली माती पुन्हा ठोकून मोजता येत नाही. पाच फूट बाजूला सरायचं आणि नवं भोक पाडायचं. तासभर गेला.

दुसऱ्या भोकाच्या वेळी ऑर्लिनने आर्डिसबाईंना हात जोडून गप्प बसवलं. पाच फुटांवर सगळं सुरळीत झालं. दहा फुटांवर तिसऱ्या ठोक्याला पाद्री टॉलफ्सरूड समोर येऊन उभे राहिले.

"मी काही बोलणार नाही. मी निघालोच आहे," ते म्हणाले.

आमच्याकडे निघणं हे एका वाक्यात उरकत नाही. निघालो म्हटल्यावर हवेचं बोलायचं, मग गव्हाचं, मग मेव्हण्याच्या गुडघ्याचं. त्यानंतर पुन्हा निघालो म्हणायचं, आणि समोरच्याने दर वेळी 'इतक्यात?' म्हणायचं. ऑर्लिनने तीनदा 'इतक्यात?' म्हटलं आणि ठोक्यांचा आकडा पुन्हा हरवला. तिसऱ्या वेळी डेल्मरने दोर सोडून दिला आणि तो गवतावर आडवा झाला.

"मी मेलो असं समजा," तो आकाशाकडे बघत म्हणाला.

आता जागा उरली होती फक्त रुबार्ब नावाच्या आंबट भाजीच्या वाफ्यात. तो वाफा आर्डिसबाईंच्या नवऱ्याने मरायच्या वर्षी लावला होता. बाई क्षणभर त्या पानांकडे बघत राहिल्या.

"घाला तिथे," त्या म्हणाल्या. मग आत जाऊन त्यांनी राजम्याची बरणी आणली, मंडळीतल्या तिघींना बोलावलं आणि चार खुर्च्या मांडल्या. चार बायका, प्रत्येकीच्या मांडीवर मूठभर दाणे आणि हातात एक रिकामी वाटी. एका ठोक्याला वाटीत एक दाणा, तोंड बंद.

पाच फुटांवर चारही वाट्यांत अकरा-अकरा दाणे निघाले. बायकांनी एकमेकींच्या वाट्यांत डोकावून माना डोलावल्या. दहा फुटांवर सात. पंधरा फुटांवर पाच. बायका खूश होत्या, कारण हिशेब चोख जुळत होता. ऑर्लिनने ते तीन आकडे एकाखाली एक लिहिले आणि त्या उतरत्या रांगेकडे पुन्हा एकदा पाहिलं.

वीस फूट. पाद्रीसुद्धा खिडकीत मुकाट्याने उभे होते. बायकांनी दाणे बोटांत धरले. डेल्मरने हातोडा अलगद नळीच्या डोक्यावर टेकवला आणि दोर ओढायला हात वर केला.

नळी आपली आपणच खाली निघाली. नुसत्या हातोड्याच्या वजनाने, अगदी सावकाश, फूटभर गेली आणि त्याहूनही थोडी जास्त गेली. डेल्मरचा हात वरच राहिला. त्याने दोर ओढलाच नव्हता.

"सुरू कधी करायचं?" आर्डिसबाईंनी हळूच विचारलं.

"झालं, नायगार्डबाई."

"माझी वाटी रिकामीच आहे."

"सगळ्यांचीच आहे."

"मोजायला चुकलो का आपण?"

"नाही. बरोबर मोजलंत," ऑर्लिन म्हणाला आणि त्याने वहीत शून्य लिहिलं. सव्वीस वर्षांत इतका बिनचूक आकडा त्याने कधी लिहिला नव्हता, आणि लिहिताना त्याला रडू येत होतं.

"चालायचंच. याहून वाईटही झालं असतं," कडेच्या खुर्चीतल्या लावॉनबाई म्हणाल्या. ते काय झालं असतं, हे कोणालाच सुचेना.

त्या शून्याचा अर्थ बायकांना अजून कोणी सांगितला नव्हता. आर्डिसबाईंनी थर्मास उचलला.

"ऑर्लिन, कॉफी घेशील?"

ऑर्लिनने कप पुढे केला. "हो," तो म्हणाला.

लावॉनबाईंच्या हातातला दाणा खाली पडला. आर्डिसबाई ऑर्लिनच्या तोंडाकडे बघत राहिल्या, मग वाफ्यातल्या भोकाकडे, मग चर्चच्या तळघराच्या दाराकडे. त्यांनी कप काठोकाठ भरला.

"म्हणजे एप्रिल तेवढा टाळायला हवा मला," त्या म्हणाल्या, आणि दाणे गोळा करून बरणीत भरायला लागल्या.